समोरच्यांची चावी

हिला तुम्ही पाहिलंय, फक्त ओळख कुणी करून दिली नसेल. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, कुठल्याही जुन्या तीनमजली सोसायटीत कुणाकडे गेलात की चपला काढता काढता भिंतीकडे नजर टाका. खिळ्यांची एक फळी असते. तिच्यावर स्कूटरची चावी, गच्चीची चावी, कपाटाची चावी आणि शेवटच्या खिळ्याला एक अशी, जी त्या घरातलं काहीही उघडत नाही. तरी तिला तिथून कुणी हलवायचं नाही, पोरांनी खेळायला घ्यायची नाही. जाळी काढताना झाडूने फळीच खाली आली तर आधी हिला शोधायचं, बाकीच्या मग. हीच ती. समोरच्यांची चावी.

पेहराव कधी तिच्या पसंतीचा नसतो. कीचेन मिळते ती घरात नकोशी झालेली. विमा एजंटाने दिवाळीत दिलेली, कुणाच्या तरी मुंजीत वाटलेली, नाहीतर गणपतीपुळ्याहून आणलेली शिंपल्याची, जिच्यातला शिंपला कधीच गळून गेलाय. अंगावर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेलं ‘समोरचे’. नाव नाही, फ्लॅट नंबर नाही. चोराच्या हाती लागली तर त्याला कळू नये, ही त्यामागची अक्कल. चोर हे घर फोडेल, चावी उचलेल, ‘समोरचे’ हे वाचेल आणि बाहेर पडल्यावर समोरचं दार बघूनही त्याच्या डोक्यात प्रकाश पडणार नाही, असा दोन्ही घरांचा ठाम विश्वास असतो.

घराणं विचाराल तर ती नाक वर करते. अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ मध्ये लालबागला कुलपं बनवायला घेतली. पुढे त्याच गोदरेजांनी विक्रोळीला कारखाने आणि वसाहत उभी केली. घाटकोपरहून मुलुंडकडे जाणाऱ्या स्लो लोकलचं ते पहिलंच स्टेशन. म्हणजे पूर्व उपनगरातल्या दारावर गोदरेजचं लॅच असलं की ते गाववालंच. एवढं ती सांगते, पुढचं गिळते. कुलपाबरोबर खोक्यातून आलेल्या चाव्यांत ही नव्हतीच. त्या नवऱ्याकडे, बायकोकडे आणि कॉलेजातल्या मुलाकडे गेल्या. मुलाने आपली हरवली. हिचा जन्म स्टेशनबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या चावीवाल्याकडचा, दोन मिनिटांतला. तोही कोऱ्या चावीवरून नाही, नवऱ्याच्या खिशात झिजलेल्या चावीवरून. तिची झीज आणि मशीनची चूक, दोन्ही हिच्या वाट्याला आल्या.

म्हणून स्वभाव तिरका. कुलपातल्या पाच पिना एका रेषेत आल्या तर ते फिरणार. हिच्याच्याने चार येतात, पाचवीची मनधरणी करावी लागते. चावी सोपवताना मालकीणबाई शिकवणी घेतात, “दार आपल्याकडे ओढा, जरासं वर उचला, अर्धी फिरवा, परत मागे या, मग फिरवा.” घेणाऱ्याला हे दुसऱ्या खेपेला जमतं. गंमत अशी की खुद्द मालकांना हिने आपल्याच घराचं दार उघडता येत नाही. जुलैत तर विचारूच नका. दार फुगलेलं, हवा दमट आणि कुणीतरी मायेने लॅचमध्ये खोबरेल सोडलेलं. खोबरेलावर धूळ बसते, त्याचा चिकटा होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला, असं चावीवाला कानीकपाळी ओरडतो. ऐकतंय कोण? आपल्याकडे केसांना, गुडघ्याला आणि कुलपाला औषध एकच.

तिचा तोरा पाहायचा तर वाऱ्याच्या दिवसांत. लॅचची जीभ स्प्रिंगवर असते आणि तिरकी कापलेली. दार नुसतं लोटलं गेलं तरी ती आपसूक बसते. सकाळी गृहस्थ बर्म्युड्यावर कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर येतात, मागच्या गॅलरीतून वारा शिरतो आणि दार धाडकन बंद. आत गॅसवर दूध. गृहस्थ समोरची बेल दाबतात, तीही सोडतच नाहीत. समोरच्या बेन दार उघडून एकदा बर्म्युड्याकडे बघतात, एकदा दाराकडे, आणि काही न विचारता खिळ्याकडे हात घालतात. एरवी आढेवेढे घेणारी ही बया त्या दिवशी पहिल्या फिरवणीत उघडते. दूध पातेल्याच्या काठाशी आलेलं असतं. पुढचे आठ दिवस फळीवरच्या बाकीच्या चाव्यांना तिने भाव दिला नसावा, असं तिच्या लटकण्यावरून वाटतं.

तिचा सीझन म्हणजे गणपती. २०२४ च्या ऑगस्टात बोरिवलीमार्गे वांद्रे-मडगाव गाडी सुरू झाल्यापासून पश्चिम उपनगरातल्या चाकरमान्यांचा गाडी पकडायला दादर-पनवेल गाठायचा व्याप थोडा कमी झाला. पण गाडी कुठूनही सुटो, आदल्या रात्री चावी समोर जाते आणि तिच्याबरोबर एक कागद. तुळस : एक तांब्या, पाऊस पडला तर नको. मासे : रोज एक पुडी. मांजर : पाठीमागे पाहा. पाठीमागे निबंध असतो.

पुड्यांना इतिहास आहे. आदल्या वर्षी समोरच्या काकांनी चिमटीऐवजी मूठभर खाणं टाकलं. “एवढ्याशा चिमटीत काय होतंय बिचाऱ्यांचं!” उरलेलं खाणं तळाशी कुजलं, पाणी खराब झालं आणि दोन मासे गेले. तेव्हापासून दहा दिवसांच्या दहा पुड्या, प्रत्येकीवर तारीख. तुळशीचंही तेच. उन्हाने जळाल्या त्याहून जास्त शेजाऱ्यांच्या तांब्याने कुजल्या. दुसऱ्याचा जीव सांभाळताना माणसाचा हात आखडत नाही, सुटतो, हे चावीला पाठ आहे. तिने आपल्यापुरतं बरोबर उघडलेलं असतं. पुढच्या तांब्याला ती जबाबदार नाही.

मांजराचं प्रकरण वेगळं. पहिले दोन दिवस ते पलंगाखालून बाहेरच येत नाही. काका सांगितल्या जागी, फ्रिजच्या डाव्या बाजूला, वाटी ठेवतात. गुडघ्यावर हात टेकून वाकतात, अंधारातल्या दोन डोळ्यांना म्हणतात, “अगं, मी समोरचा.” उत्तर नाही. मग दार ओढून घेऊन बाहेर पाच मिनिटं कान लावून उभे राहतात. वाटी फरशीवर सरकल्याचा आवाज आला की घरी जाऊन जाहीर करतात, “खाल्लं.” तिसऱ्या दिवशी चावी कुलपात शिरायच्या आत दारामागून म्यांव येतं. चावीला वाटतं, हे आपलं स्वागत. काकांना वाटतं, आपलं. मांजराच्या मनात वाटी.

रीतभात मात्र तिच्याकडून शिकावी. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेक्रेटरीला दुरुस्तीसाठी फ्लॅट पाहायचा तर सभासदाला आधी कळवावं लागतं आणि सोबत कमिटीचा आणखी एक जण न्यावा लागतो. हिला ना नोटीस, ना साक्षीदार. गाऊनवर ओढणी टाकलेल्या बाईच्या मुठीतून ती सरळ आत. पण काही गोष्टी ती न सांगता पाळायला लावते. कपाट उघडायचं नाही. बेडरूमचं दार जेवढं लोटलेलं होतं तेवढंच ठेवायचं. टेबलावर तपासण्यांचं पाकीट दिसलं तर ते दिसलेलं नाही. मंडळी परतल्यावर “प्रवास कसा झाला?” एवढंच. पाकिटाचा विषय त्यांनी काढला तरच आपण काढायचा. मजल्यावरच्या सगळ्या बातम्या जिथे शिजतात, त्याच घरात राहून हिने आजवर एक अक्षर बाहेर काढलेलं नाही.

नातेवाइकांशी तिचं फारसं पटत नाही. सख्खा दीर कांदिवलीला, आणि चावी मात्र समोरच्या बेनकडे. एका भाऊबीजेला त्याने ऐकवलंच, “आमच्यावर भरवसा नाही वाटतं?” प्रश्न भरवशाचा नसतो, लोकलचा असतो. कांदिवलीहून मुलुंडला यायचं म्हणजे दादरला बदला, पूल चढा, पुन्हा गाडी. तोवर पातेलं जळून कोळसा. बेन चार पावलांवर. आणि बेनचीही चावी इकडे असते, देरासरात गेल्या असताना सिलिंडर आला तर घ्यायला. व्यवहार चोख आहे.

तिचा मोठेपणा कळतो तो भांडणात. वरच्यांच्या बाथरूमची गळती खालच्यांच्या छताला आली की आधी विनंती, मग पत्र, मग कमिटी, मग अबोला. जिन्यात दोन्हीकडच्या माना आपोआप वळतात. पण चावी कुणी परत मागत नाही. पार्किंगवरून वकिलाची नोटीस धाडणारेही नाही. चावी मागितली म्हणजे खरोखरच संपलं, आणि तेवढं कुणालाच नको असतं. अबोल्याच्या दोन-दोन वर्षांत ती शत्रूच्या भिंतीवर निर्धास्त लटकलेली असते. कुणी तिची धूळही पुसत असतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लोकल बंद, फोन बंद, आईबाप ऑफिसात नाहीतर कमरेएवढ्या पाण्यात. शाळेतून भिजून आलेल्या पोरांना घराचं दार समोरच्यांनी उघडून दिलं, दप्तरं पंख्याखाली पसरली, कोरडे कपडे शोधून दिले आणि जेवायला आपल्याकडे नेलं. २०२० च्या टाळेबंदीत ती आधी बेकार झाली, कारण कुणी घराबाहेरच पडेना. मग एखादं घरच्या घर पॉझिटिव्ह निघायचं, कुणी गोरेगावच्या नेस्कोत, कुणी मुलुंडच्या जम्बो सेंटरला. तेव्हा ही सॅनिटायझरने न्हाऊन बाहेर पडली. जिन्यात त्या कुटुंबाच्या वाऱ्याला उभं राहायला जे घाबरत होते, तेच दोन मास्क चढवून त्यांच्या कुत्र्याला दहीभात घालून येत होते. घाबरणं आणि जाणं, दोन्ही खरं होतं.

सगळ्यात गंभीर चेहरा ती करते तो एकट्या राहणाऱ्या आजींच्या बाबतीत. मुलगा न्यू जर्सीला. त्याने १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन मोठ्या अक्षरांत छापून फ्रिजवर लावली आहे. पण आजींवर पहारा असतो तो दुधाच्या पिशवीचा. दाराच्या कडीला टांगलेली कापडी पिशवी सातला आत जायला हवी. साडेसातला ती तिथेच दिसली की समोर कुजबुज. पावणेआठला बेल. मग फोन, जो बंद दाराआड वाजताना बाहेर ऐकू येतो. मग चावी. इथे तिचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो : आतून कडी तर घातली नाही ना? कडीपुढे तिचं काही चालत नाही. म्हणून ती देतानाच ठरलेलं असतं, “रात्री लॅच पुरे, आतून कडी नको.” आयुष्यभर तीन-तीन वेळा कडी तपासून झोपलेल्या बाईला हे पटवायला मुलाला दोन सुट्ट्या लागल्या. बहुतेक वेळा आजी न्हाणीघरात असतात, कानातलं यंत्र काढून ठेवलेलं. बाहेर येऊन हॉलमध्ये तिघांना बघून म्हणतात, “काय झालं? चहा टाकू?” चावी पुन्हा खिळ्याला. फुकट गेलेल्या अशा खेपांचं तिला वाईट वाटत नाही. त्या फुकट जाव्यात म्हणूनच ती जाते.

हल्ली तिचे दिवस वाईट आहेत. जुन्या बिल्डिंगी एकामागून एक डेव्हलपमेंटला चालल्यात. घर रिकामं करताना चाव्या सोपवायच्या असतात, त्यात ही कुणाला आठवत नाही. मग भाड्याच्या घरी खोकी उघडताना ती निघते. तिचं दार पाडलं गेलंय, ते घरही नाही आणि ते समोरचेही आता समोर नाहीत. ती टाकवत नाही. ठेवून उपयोग नाही. ड्रॉवरमध्ये जाते.

नव्या टॉवरात दाराला डिजिटल लॉक. बोट लावा, आकडे दाबा. प्लंबरला आकडे फोनवर सांगा, तो गेला की बदला. कुणाचे उपकार नाहीत, कुणाला पुड्यांचा हिशेब द्यायला नको. हिला यातलं काहीच पटत नाही. आकडे दार उघडतील, पण पलंगाखाली वाकून “मी समोरचा” म्हणायला आकड्यांना गुडघे कुठून येणार, हा तिचा सवाल.

पण नशीब तिचंही आहे. बॅटरी दगा देईल म्हणून अशा बहुतेक कुलपांबरोबर एक साधी धातूची चावी देतातच. ती घरात ठेवून काय करणार? दार बंद पडल्यावर ती आत आणि आपण बाहेर. गाडीत ठेवावी तर गाडीची चावी घरात. शेवटी सतराव्या मजल्यावरचा गृहस्थ ती घेऊन समोरच्या दारापुढे उभा राहतो. बेल वाजवावी लागते. आपलं नाव सांगावं लागतं, त्यांचं विचारावं लागतं. “या ना आत” म्हणाले तर जावं लागतं. आणि उद्या ते मनालीला निघाले की त्यांच्या माशांना पुडी घालावी लागते. एका चावीपायी एवढं लचांड. तिचं मात्र बस्तान बसलेलं असतं.