मोडीतली यंत्रे

लोकांनी टाकून दिलेले जुने संगणक फुकट मिळवावेत, उघडावेत, पुसावेत आणि जमल्यास चालू करून पाहावेत, असा एक छंद मला गेली बारा-पंधरा वर्षे जडला आहे. नाणी किंवा अडकित्ते जमविणाऱ्या माणसाकडे समाज कौतुकाने पाहतो; माझ्याकडे मात्र येथील आमचे आप्तेष्ट जरा काळजीनेच पाहतात. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, फुकटात मिळालेल्या वस्तूचे भाडे घरच्या माणसांना भरावे लागते. गॅलरीतील तीन पडदे व पाच खोकी पाहता या विधानाला उत्तर देणे कठीण आहे.

फुकट मिळविण्याचेही एक शास्त्र आहे. किंमत आपण होऊन कधी विचारू नये, कारण विचारताक्षणी मालकाला वाटू लागते की हिच्यात काही तरी असावे. देणारा जे देईल ते सगळे उचलावे. नको असलेला प्रिंटरसुद्धा. हैदराबादेत लग्नाच्या पंगतीत नुसता विषय काढला तरी पुरते. कोणाच्या तरी माळ्यावर एखादे यंत्र असतेच, आणि ‘घेऊन जा हो, जागा अडली आहे’ हे शब्द ऐकू येतात. उरलेसुरले सुटे भाग कोठीच्या गुजराती गल्लीत मिळतात, पण ते विकत घ्यावे लागतात. सबब त्यांचा समावेश मी छंदात करीत नाही.

माझ्या संग्रहातील मानाचे यंत्र म्हणजे ‘बी.बी.सी. मायक्रो’. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते १९८१ साली बाजारात आणले. आपल्याकडे १९८४ साली शाळांसाठी ‘क्लास’ नावाची संगणकसाक्षरतेची योजना निघाली, तेव्हा हीच यंत्रे देशभरच्या शाळांत पोचली. मला ते एका शाळेच्या अडगळीच्या खोलीतून मिळाले. स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आजच्या फोनवर काढलेल्या एका छायाचित्राला याच्या शंभरपट जागा लागते. पण कळ दाबली की ते दोन सुरांत ‘टूऽ-टुक्’ करते आणि तत्काळ आज्ञेची वाट पाहत उभे राहते. हे यंत्र मिळाल्याबरोबर विजेला जोडण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. त्याच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत पारदर्शक पिवळट कवचाचे छोटे कपॅसिटर असतात. कवचाला वर्षानुवर्षांत तडे जातात, आतल्या कागदात दमट हवा शिरते आणि वीज मिळताच ते फुटून घरभर धूर करतात. म्हणून ते आधी काढून नवे डकवायचे, मग वीज.

पण आज लिहावयाचे आहे ते निराळ्याच एका यंत्राविषयी.

दोन वर्षांपूर्वी काचीगुड्याच्या एका आजींकडून निरोप आला. यजमान सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, २००१ साली वारले. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने संगणक घेतला होता. दुरुस्तीवाल्याने ‘डिस्क गेली’ म्हणून सांगितल्यावर तो कापडाखाली झाकून ठेवला होता, आणि आता घर पाडून तेथे सदनिका व्हावयाच्या होत्या. मी गेलो. आजींना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. त्यांच्या सूनबाई वरंगळकडच्या, तेलुगू घरातल्या. पण त्यांचे मराठी ऐकून कोणाला शंकाही येऊ नये. त्यांनी चहा दिला, यंत्र पुसून दिले. निघताना आजी सहज म्हणाल्या, “हे त्यावर रोज सकाळी दोन तास आठवणी लिहीत असत. आमच्या मामंजींपासूनच्या. छापून काढू म्हणाले होते.”

घरी येऊन पेटी उघडली. ‘३८६’ जातीचे यंत्र, चार मेगाबाइट स्मृती, चाळीस मेगाबाइटची डिस्क. मुख्य पट्टीवरील छोटी बॅटरी पाझरून भोवतालचे तांबे हिरवे पडले होते. जुन्या यंत्रांचा हा राजरोग आहे. पुष्कळ लोक येथे खाण्याचा सोडा चोळतात. पण हा स्राव मुळातच क्षारधर्मी असतो, त्याला उतारा आम्लाचा हवा. स्वयंपाकघरातील व्हिनेगर, जुना दातांचा ब्रश आणि शेवटी स्पिरिट, एवढ्यावर काम भागले. बॅटरी काढून तिच्या जागी बाहेरून तीन साधे सेल जोडले.

आता दुरुस्तीवाल्याचे निदान. या पिढीतील यंत्रे आपल्याला कोणती डिस्क जोडली आहे हे बॅटरीच्या जोरावर लक्षात ठेवीत. बॅटरी संपली की विस्मरण होते आणि यंत्र डिस्क नाही म्हणून सांगते. डिस्क बिचारी धडधाकट असते! तिच्या पाठीवरील चिठ्ठीवर सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे आकडे छापलेले होते. ते यंत्राला पुन्हा सांगितले. क्षणभर कुरकुर झाली, आणि पडद्यावर सतरा फाइलींची यादी उभी राहिली.

पेटीत आणखी एक वस्तू निघाली, ती पाहून मी खरोखरच हरखलो. ते ‘जिस्ट’ कार्ड होते. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत, १९८८ साली ती स्थापन झाल्यावर, वाढीस लागले, त्याचे हे फळ. हे कार्ड यंत्रात बसविले की इंग्रजीपुरत्या घडविलेल्या संगणकावर देवनागरी उमटे. तेच लिखाण कार्डावाचून दुसऱ्या यंत्रावर उघडले, तर केवळ उभ्या-आडव्या रेघा आणि ग्रीक अक्षरे दिसत. मोडी दप्तरे घराघरांत आहेत आणि वाचणारा नाही, तशातलीच ही गत.

यामागची योजना मोठी शहाणपणाची होती. १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या ‘इस्की’ या संकेतात प्रत्येक अक्षराला एक अंक आहे. ‘क’ ला १७९, ‘ख’ ला १८०. पण हा १७९ केवळ देवनागरी ‘क’ चा नाही. तेलुगू, कन्नड, बंगाली, गुजराती, सर्व लिप्यांतील ‘क’ चा तोच. लिखाणाला हात न लावता नुसती लिपी बदलावी, की मराठी मजकूर तेलुगू अक्षरांत समोर उभा! आपल्यासारख्या परप्रांतात रुजलेल्या मराठी घरांसाठी याहून सोयीची युक्ती कोणी काढली असेल असे मला वाटत नाही. आणि नेमकी तीच आज फारशा कोणाच्या ध्यानात नाही.

लिखाण उघडले आहे याची खात्री करण्यासाठी मी पहिल्या फाइलीच्या चार ओळी वाचल्या. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरची हकीकत होती. राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला, थोरले बंधू नांदेडला राहिले, आणि हे नोकरीमुळे हैदराबादेत. पुढे भावाचे नाव व एका पत्राचा उल्लेख आला, तेथे मी थांबलो. मला फुकट मिळाले होते ते यंत्र. आतले लिखाण आजींनी मला दिलेले नव्हते. त्यांच्या नांदेडच्या नात्यात काय घडले हे मी का वाचावे?

फाइली फ्लॉपीवर उतरवून नव्या संगणकावर आणल्या. आजचा युनिकोड संकेत देवनागरीपुरता ‘इस्की’च्याच धर्तीवर बेतलेला असल्यामुळे रूपांतराचा छोटा प्रोग्रॅम दोन संध्याकाळींत झाला. दोन प्रती छापल्या, एक देवनागरी व एक तेलुगू लिपीतली. सूनबाई देवनागरी अक्षर लावून लावून वाचतात, तेलुगू मात्र झरझर. ‘बँक’, ‘ऑफिस’ यांसारख्या शब्दांतील अर्धचंद्राला तेलुगू लिपीत सोय नाही, ते शब्द वेडेवाकडे झाले. ‘ळ’ मात्र दिमाखात उतरला. मराठी तोंडात बसलेले असल्यामुळे त्या कोठेही अडल्या नाहीत.

पहिले प्रकरण त्यांनी माझ्यासमोर वाचायला घेतले, तेव्हा मी उठू लागलो. आजींनी हातानेच बसा म्हटले. नंतर पत्राचा मजकूर आला तेव्हा त्यांनी सूनबाईंना तेवढे पान पुन्हा वाचायला लावले, आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही. “हे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते,” एवढेच आजी म्हणाल्या. मी चहा घेऊन निघालो.

पुढच्या आठवड्यात त्यांचा नांदेडला फोन झाल्याचे सूनबाईंनी कळविले. बंधू आता नाहीत. पुतण्या आहे, त्याने एक प्रत मागितली आहे, देवनागरीतली.

यंत्र आजींनी परत घेतले नाही. ते गॅलरीत आहे, वर मेणकापड टाकलेले. सतरांपैकी चौदा फाइली निघाल्या. तिघींखाली डिस्कचे सेक्टर खराब झाले आहेत. थंडीच्या पहाटे, यंत्र गार असताना, कधी कधी एखादा सेक्टर वाचला जातो. गेल्या डिसेंबरात पंधराव्या फाइलीची दीड पाने मिळाली. सूनबाई दर महिन्याला विचारतात.