शेडमधला पाऊस

"आत्या, पाऊस आला!" धाकटा वर पत्र्याकडे बघत ओरडला.

बाहेर भाऊबीजेनंतरचं कोरडं, लख्ख ऊन होतं. शेडनेटच्या भिंतीतून ते गाळून आत येत होतं. तरी आवाज खरा होता. बारीक, एकसारखा, पहिली सर बाभळीच्या पाल्यावर उतरावी तसा. मालकीणबाई मांडणीवर तुतीच्या फांद्या अंथरत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "पाऊस कशाचा बाळा, जेवायलेत ते."

दीडशे अंडीपुंजांची बॅच होती. एका पुंजात चारशे-साडेचारशे अंडी धरली तर साठ-पासष्ट हजार अळ्या त्या एका शेडात एकाच वेळी पाला खात होत्या. हात लांब करून पोरं गप्प उभी राहिली. घरात मोबाइलवाचून घास न उतरणारा धाकटा पाऊण तास नुसता ऐकत होता.

गेवराई तालुक्यातलं हे रुई गाव. बीड जिल्ह्यात रेशीमशेतीचं नाव निघालं की आधी याच गावाचं नाव निघतं. भाऊबीजेला मी माहेरी बीडला आले होते. दादाच्या ओळखीचं एक कुटुंब रुईत आहे, त्यांनी "लेकरांना घेऊन या" म्हणून दोनदा सांगितलं होतं. दादा, वहिनी, दोन पोरं आणि मी असे निघालो.

गेल्या उन्हाळ्यात हीच पोरं एका मोठ्या शहराजवळच्या शेती-उद्यानात जाऊन आली होती. पिंजऱ्यातले ससे, बैलगाडीची पाच मिनिटांची चक्कर, सशाला भरवायच्या गाजराचे वेगळे पैसे. परत आल्यावर आठ वर्षांच्या थोरलीनं विचारलं होतं, "तिथली माणसं रात्री कुठं झोपतात?" तिथं कुणाचं घर नव्हतं, चूल नव्हती, वाळत घातलेली गोधडी नव्हती, हे तिच्या लक्षात आलं होतं. कृषी पर्यटनावर माझा राग नाही. महाराष्ट्रानं 2020 मध्ये त्यासाठी धोरण केलं, बारामतीकडे त्याआधी पंधरा वर्षं हे काम सुरू झालं होतं, आणि हिवाळ्यात हुरड्याच्या निमित्तानं का होईना, शहरातली माणसं बांधावर येतात, हे चांगलंच आहे. पण थोरलीचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नव्हता.

बीडहून गेवराईकडे जाताना पाडळशिंगीच्या टोलनाक्याच्या अलीकडे ट्रॅक्टर दिसायला लागले. प्रत्येकामागे ट्रॉली, ट्रॉलीत पत्रे, पाण्याची पिंपं, सरपण, भांड्यांची पोती, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडे निघाल्या होत्या. एका ट्रॉलीच्या कडेला धाकट्याएवढा पोरगा पाय सोडून बसला होता. आमची गाडी शेजारून गेली तेव्हा दोघांनी एकमेकांना हात केला.

रुईत शेडच्या दारात चुन्याची पांढरी पट्टी आखलेली होती. तिच्यावर पाय देऊनच आत जायचं, त्याआधी हात धुवायचे. घरच्या सहावीतल्या लेकीनं हे सगळं वर्गाच्या मॉनिटरसारखं सांगितलं. मग तिनं थेट दादाच्या खिशाकडे बोट केलं. "काका, तंबाखूची पुडी असंल तर बाहीर ठिवा. त्याच्या हातानं पाला टाकला तरी अळ्या मरतेत." दादानं मुकाट्यानं पुडी गाडीत नेऊन ठेवली. ती पोरगी खरं तेच सांगत होती. तंबाखूतलं निकोटीन या जिवाला विषच. शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली आणि वाऱ्यानं औषध तुतीवर आलं, तरी अख्खी बॅच हातची जाते. म्हणून भावकीतली माणसं फवारणीआधी एकमेकांना फोन करतात, असं शेतकरीदादा म्हणाले. दाराला दुहेरी जाळी होती ती उझी माशीसाठी. ही माशी अळीच्या अंगावर अंडी घालते आणि तिची पिल्लं अळीला आतून खातात.

थोरलीनं विचारलं, "यांची आई कुठंय?"

"आई अंडी घालून मरून जाती," सहावीतली म्हणाली. "आमच्याकडं अंडी येत नाहीत, चॉकीवरून आठ-दहा दिवसांची पिल्लं येतेत. दोन मोल्ट तिकडंच होतेत, दोन इथं. मोल्टवर बसली की खात नाही, मान वर करून गप्प ऱ्हाती. तव्हा हात लावायचा नाही."

चॉकी म्हणजे कोवळ्या अळ्या वाढवून देणारं केंद्र, मोल्ट म्हणजे कात टाकणं. अंड्यातून निघालेली अळी मुंगीएवढी, काळपट असते. चारदा कात टाकून तीन-साडेतीन आठवड्यांत ती बोटाएवढी होते आणि तिचं वजन जन्माच्या वेळच्या जवळपास दहा हजार पट भरतं. हा आकडा पोरांना कळेना. शेतकरीदादांनी धाकट्याला उचललं आणि हिशोब मांडला. जन्मला तेव्हा तीन किलोचा होता ना? अळीसारखा वाढला असता तर महिन्याच्या आत तीस टनांचा झाला असता. "म्हंजे उसाचे दोन ट्रक!" ते म्हणाले. ऊस ज्यांनी तोडून, मोळी बांधून, डोक्यावरून ट्रकात चढवलाय, त्यांनाच अशी उपमा सुचते. या नवरा-बायकोनं बारा हंगाम कोयता केला होता. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणायचं, मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर निघायचं आणि पाडव्याच्या आसपास परतायचं. थोरला मुलगा त्या काळात तीन शाळांत बसला आणि कुठंच टिकला नाही, हे आजीनं ओट्यावर बसल्या बसल्या सांगितलं.

एका एकरावर तुती लावली आणि ते चक्र थांबलं. तुती लागवडीला रोजगार हमीतून मजुरी मिळते. एकदा लावलेली तुती बारा-पंधरा वर्षं टिकते आणि उसाच्या मानानं पाणी बेताचं लागतं. सुरुवातीला कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. 2018 मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली, पुढं बीडच्या बाजार समितीतही. सगळं गोड आहे असं नव्हे. भाव वरखाली होतात, एप्रिल-मेच्या उन्हात शेडात ओली पोती टांगूनही अळ्या सांभाळणं जिवावर येतं, आणि शेवटच्या आठवड्यात माणूस रात्रीचा झोपत नाही, कारण बॅचचा बहुतेक पाला अळ्या तेव्हाच फस्त करतात. पण ही सहावीतली पोरगी पहिलीपासून एकाच शाळेत आहे. रुईत मी पाहिलेल्या सगळ्या गोष्टींत मला हीच सर्वांत मोठी वाटली.

शेजारच्या चुलत्यांच्या शेडात अळ्या चंद्रिकेवर चढल्या होत्या. चंद्रिका म्हणजे प्लास्टिकची घड्यांची जाळी, कोष बांधायला आधार. तिथं आवाज नव्हता. पिकलेली अळी पिवळसर, जराशी पारदर्शक दिसते. ती मान हलवत, इंग्रजी आठ काढत स्वतःभोवती धागा सोडते. काही अळ्या पातळ पडद्याआड अजून दिसत होत्या, काही पांढऱ्या कोषात पूर्ण दडल्या होत्या. दोन-तीन दिवस हे काम चालतं, आणि एका कोषात जवळपास किलोमीटरभर सलग धागा असतो. वहिनींनी नकळत पदराचा काठ चाचपला. गोदावरीपलीकडे पैठण आहेच.

चुलत्यांनी आधी चढलेल्या अळ्यांचे चार कोष थोरलीच्या ओंजळीत टाकले. तिनं एक कानाशी धरून हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"आत अळी आहे?"

"आता कोशित झाली ती," सहावीतली म्हणाली.

"मग धागा काढताना ती कुठं जाते?"

वहिनी पुढं झाल्या, "अगं, ती झोप..." आणि थांबल्या. आम्ही चार मोठी माणसं तिथं होतो आणि कुणालाच शब्द सुचत नव्हता. उत्तर आजीनं दिलं. "मरती ग माय. वाफ देतेत तिला. पतंग भोक पाडून बाहीर आलं तर धागा तुटतो, मग सलग निघत नाही. कापसासारखा कातावा लागतो. त्याला भाव नाही."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजीनं तिला जवळ घेतलं, पण बोललेलं मागं घेतलं नाही. "आपुन त्यास्नी लेकरावानी सांभाळतो. रात्रीचं उठून पाला टाकतो. आन् मग इकतो. तसंच हाय ते."

वहिनींच्या मते ते लेकरापाशी बोलायला नको होतं, हे त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितलं. मला आजीचं पटलं. दूध, अंडी, कापूस, रेशीम, सगळ्याच्या मागं कुणाचं तरी जगणं आणि मरणं असतं, आणि आठ वर्षांची मुलगी तेवढं पेलू शकते, जर सांगणारं माणूस खरं बोलणारं आणि शेजारी बसलेलं असेल. सशाच्या पिंजऱ्यापाशी हा प्रश्न कधी निघालाच नसता. दादा गाडी चालवत गप्प होता. मागं धाकटा कापलेल्या तुतीची काडी हातात घट्ट धरून झोपला होता.

ते चार कोष थोरलीनं विकले नाहीत, उकळूही दिले नाहीत. बुटाच्या खोक्यात कापूस घालून फ्रिजवर ठेवले. मी पुण्याला परतल्यावर आठवड्याभरानं दादाचा फोन आला. सकाळी एका कोषाला ओलसर भोक पडलं होतं आणि कापसावर मळकट पांढरा, केसाळ पतंग बसला होता. पंख होते, पण उडता येत नव्हतं. हजारो वर्षं माणसाच्या हाती वाढून या जातीचं उडणं सुटलंय.

थोरलीनं मला सांगायच्या आधी रुईला फोन लावला होता. "ताई, पतंग आलाय. त्याला खायला काय देऊ?"

"काईच नको," तिकडून सहावीतली म्हणाली. "ते खात नसतंय. त्याचं खायचं काम अळीतच झालंय. दुसरं निघालं का ते बघ. निघालं तर दोघांच्या खाली कागद ठिव."

दुपारपर्यंत थोरलीनं गणिताच्या वहीचं कोरं पान फाडून खोक्यात अंथरलं होतं.