दोन टँकर

परवा मोखाड्यातल्या टँकरची बातमी करून रात्री बोईसरला घरी आलो, तर आमच्या सोसायटीच्या गेटवरही टँकर उभा. तिथे हंड्यांची रांग होती. इथे पाइप थेट लॉनवर सोडलेला. बातमी मी पहिल्याच टँकरची दिली. दुसऱ्याच्या खर्चाला मीच मिटिंगमध्ये हात वर केला होता, आता काय तोंडाने लिहिणार?

आपल्याकडे पाऊस कमी नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण चार महिन्यांत. दिवाळीनंतर जमीन सुकायला लागते ती थेट जूनपर्यंत. बिल्डरच्या ब्रोशरमधलं गवत मात्र बारा महिने हिरवं.

साधा हिशोब करा. उन्हाळ्यात लॉनला दर चौरस मीटरमागे रोज साधारण ५ लिटर पाणी लागतं. आमचं लॉन ५,००० चौरस फूट, म्हणजे ४६५ चौरस मीटर. रोजचे झाले २,३०० लिटर. १०,००० लिटरचा टँकर चार दिवसांत गवतात जिरतो!

एवढं करूनही ते पिवळं पडायचं. कारण खाली आहे. भाताच्या खाचरावर मुरूम आणि राडारोडा टाकून रोलर फिरवलेला, वर चार बोटं लाल माती. मुळं जाणार कुठे?

आमचे माळीकाका विक्रमगडकडचे. एकदा म्हणाले, "साहेब, हे गवत गुरांना पण नाय घालायचं, मग त्याला पाजायचं कशाला?" मी हसलो, पण उत्तर नव्हतं.

शेवटी मागच्या पावसाळ्याआधी अर्धं लॉन काढलं. मुरूम फोडून तीन-तीन फुटांचे खड्डे घेतले, चांगली माती आणि शेणखत भरलं. करंज, बकुळ, ताम्हण, उंडी लावली. आधी जाळायचो तो पालापाचोळा आळ्यात पसरला. या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, भरपूर पाणी देतोय. पुढच्या वर्षी एकदा पुरेल. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर ही झाडं बहुतेक आपली आपण उभी राहतात.

चूकही झाली. पावसात आळी मोडली नाहीत, पाणी बुंध्याशी साचलं आणि पाच झाडं कुजली. चिंचणी-डहाणूच्या कुठल्याही वाडीवाल्याला विचारलं असतं तर त्याने आधीच सांगितलं असतं. आम्ही विचारलं नाही.

हे का लिहितोय? सूर्या प्रकल्पाचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला चाललंय म्हणून आपण ओरडतो. योजना रोज ४०३ दशलक्ष लिटरची आहे, त्यामुळे ओरडणं रास्तच आहे. पण "आमचं पाणी शहराला का?" असं विचारताना मोखाड्याची बाई आपल्याला तोच प्रश्न विचारू शकते, हे विसरू नका.

जून तोंडावर आलाय. खड्डे आत्ताच घ्या. तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये एसटीपी असेल तर तो खरंच चालतो का, ते पाणी बागेला का येत नाही, हे कमिटीला विचारा. आणि पुढच्या मिटिंगमध्ये लॉनच्या टँकरचा विषय आला, की हात वर करण्याआधी एकदा विचार करा. मी केला नव्हता.