होतकरू मुष्टियोद्धा

मुष्टियुद्ध शिकणाऱ्या मुलांचे पालक आम्हांस विचारतात, "यांतील कोणी पुढें जगज्जेता होईल काय?" खरें सांगावयाचें तर, आम्हांस तें ओळखतां येत नाहीं.

१९५४ सालीं अमेरिकेंतील लुइव्हिल शहरीं १२ वर्षांच्या कॅशस क्ले याची नवी सायकल चोरीस गेली. चोरास बडवीन म्हणत, रडत रडत तो तक्रार करावयास एका तळघरांत गेला. तेथें जो मार्टिन नांवाचा पोलीस मुलांस मुष्टियुद्ध शिकवीत असे. आधीं लढावयास तर शीक, असें त्यानें मुलास सांगितलें. १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिकमध्यें त्याच मुलानें सुवर्णपदक मिळविलें आणि १९६४ सालीं सनी लिस्टनचा पराभव करून तो जगज्जेता झाला. मुहम्मद अली तो हाच. (१९८४ सालीं त्यास कंपवात असल्याचें निदान झालें, हेंही पालकांपासून आम्ही लपवीत नाहीं.)

आम्हांस नवल वाटतें तें त्या पोलिसाचें. संतापलेल्या पोराचें रडगाणें त्यानें ऐकून घेतलें. पेन चोरीस गेलें म्हणून एक मुलगा एकदां मुठी आवळून आमच्यापुढें उभा राहिला होता. "घंटा झाली, वर्गांत जा," इतकेंच आम्ही बोललों. तो मुकाट्यानें गेला. त्या मुठी अजून उघडल्या नव्हत्या.