मागील दारापासून

नवे घर बांधणे हा उत्साहाचा विषय असतो. जुने घर नवे करणे हा निर्णयाचा विषय असतो. मोकळ्या जागेवर पाया खणताना मन पुढच्या दिवसांत वावरत असते. जुन्या घराला हात लावताना मात्र त्या घरात माणसे राहत असतात, त्यांच्या सवयी राहत असतात, आणि हाताशी असलेला पैसा बहुधा एका वेळी एकदोन खोल्यांनाच पुरेल इतका असतो. अशा वेळी कोणती खोली आधी, हा प्रश्न वरवर गवंड्याचा वाटला तरी तो खरोखर कुटुंबाचा असतो. त्याच्या उत्तरातून घर कोणासाठी आहे, हे उघड होते. गृहसजावटीवर आपल्याकडे जे लिहिले व बोलले जाते, त्याचा आरंभ बहुधा दिवाणखान्यापासून होतो: पडदे, रंग, छताची नक्षी, बसण्याची आसने. माझे मत असे झाले आहे की, हा आरंभ मागील दारापासून व्हावा.

आमचे वडिलोपार्जित घर तेल्हाऱ्यास आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख. कापसाचा आणि उन्हाचा. वऱ्हाडात गावाची वस्ती असते त्या जागेला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणतात. या दोन शब्दांत पूर्वजांचे स्थापत्यशास्त्र सामावलेले आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या भिंतीही तिच्याबरोबर हलतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खोल, तळाशी फुगीर अशा खांबांच्या पायाची पद्धत विकसित केली. जमिनीखाली सुमारे साडेतीन मीटरवर ओलाव्याचा हा वार्षिक खेळ थांबतो, म्हणून पाया तिथवर न्यायचा, हे तिचे सूत्र. आमच्या आजोबा-पणजोबांनी ही अडचण निराळ्या रीतीने सोडविली होती. त्यांनी काळीवर घर बांधलेच नाही. आज नव्या ले-आउटमध्ये काळ्या मातीवर घाईने उभी राहिलेली घरे दोनचार वर्षांत तडकतात, तेव्हा पांढरीवरची मातीची घरे आपल्या जागी शांतपणे उभी असतात.

आमचे घर त्यांपैकीच एक. पुढे ओटा, मग बैठक, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, आणि परसात आडाजवळ न्हाणी. भिंती दोन फूट रुंदीच्या मातीच्या. वर लाकडी सरे, त्यांवर तुराट्यांचा थर आणि त्यावर खारी मातीचे धाबे. दर पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी खारी पसरायची, हा घराचा वार्षिक विधी असे. वडील गेल्यानंतर तो विधी अनियमित झाला, दोन सऱ्यांना वाळवी लागली, आणि २०१९ च्या उन्हाळ्यापूर्वी घर नीट करून घेण्याचे आम्हा भावांनी ठरविले.

पैसा मोजका होता. दादांच्या थोरल्या मुलीचे लग्न पाहणे सुरू होते, आणि दादांचा आग्रह बैठकीचा होता. बैठकीची भिंत पाडून ती मोठी करावी, वर स्लॅब टाकावा, खाली चकचकीत फरशी आणि छताला प्लॅस्टरची नक्षी करावी. “पाहुणे आधी घर पाहतात, मग मुलगी पाहतात,” हे त्यांचे म्हणणे. या म्हणण्याला हसण्यासारखे त्यात काहीच नव्हते. मुलीच्या बापाला लोकांच्या नजरेची किंमत कळते, कारण ती त्याला मोजावी लागते. ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी नाही, त्यांनी साधेपणाचे उपदेश करणे फार सोपे असते.

परंतु त्याच घरात आमची माय राहत होती. वय शहात्तर, दोन्ही गुडघे धरलेले. रात्री दोन वेळा तिला उठावे लागे. माजघराचा उंबरठा, स्वयंपाकघराचा उंबरठा, परसात उतरायच्या तीन पायऱ्या आणि शेवाळलेली न्हाणी, हा तिचा प्रवास. तिची नणंद, म्हणजे आमची आत्या, अशाच एका न्हाणीत पाय घसरून पडली होती. आतून दाराला कडी होती आणि दार आत उघडणारे. पडलेली आत्याच दाराला अडसर झाली. दार फोडून तिला काढावे लागले. मांडीचे हाड मोडले होते. ती पुन्हा चालली नाही, आणि चार महिन्यांत गेली. म्हातारपणी माणूस आजाराने जाते असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते एका ओल्या फरशीने जाते.

मायला कोणी काही विचारले नव्हते. तीही मध्ये बोलत नव्हती. एके संध्याकाळी बैठकीच्या खर्चाचा हिशेब चालला असता ती सुपातले तांदूळ निवडता निवडता एवढेच म्हणाली, “पावना येते अन् चाल्ला जाते, बाबू. मी तं अठीच राह्यतो.” त्या वाक्यात तक्रार नव्हती. पण दादांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले, तेव्हा दादांनीच त्यांना परसाकडे नेले.

पहिली न्हाणी झाली. ती परसातून उचलून स्वयंपाकघराच्या मागील भिंतीला लागून आणली, म्हणजे पायऱ्यांचा प्रश्नच उरला नाही. मातीची भिंत भार घेत नाही, म्हणून न्हाणीच्या भिंती पक्क्या विटांच्या केल्या आणि त्यांत कमरेच्या उंचीवर दीड इंची लोखंडी नळ बसविला. एक कमोडशेजारी, एक नळाजवळ. दार बाहेर उघडणारे केले. फरशी शहाबादी, आणि तीही न घासलेली, खरखरीत. दुकानदाराने दाखविलेल्या गुळगुळीत टाइल्स दिसायला सुंदर होत्या, पण पाणी पडले की त्या काचेसारख्या होत. उंबरठ्याच्या जागी हलका उतार दिला. मायच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्रभर जळणारा एक मंद दिवा लावला, आणि त्याचे बटण तिच्या उशाशी. या सगळ्यांत दाखविण्यासारखे काही नाही. छायाचित्र काढले तर एक दांडी आणि एक ओबडधोबड फरशी दिसेल. तरीही संपूर्ण घरातील सर्वांत विचारपूर्वक केलेली सजावट तीच आहे, असे मी समजतो.

नंतर स्वयंपाकघर. इथे एक शिकण्यासारखी गोष्ट घडली. ओट्याची उंची किती, असे विचारता मिस्त्री म्हणाले, “तेहतीस इंच. सगळीकडं तेच चालते.” पण ओट्यापुढे उभी राहणारी बाई सगळीकडे सारख्या उंचीची नसते. आमच्या वहिनी चार फूट नऊ इंच. उभे राहून कोपर दुमडला असता त्याच्या चारसहा इंच खाली हात सहज काम करतो. आणि भाकरी थापायची, कणीक मळायची, तर अंगाचा भार हातांवर यावा लागतो, म्हणून ओटा आणखी थोडा खाली हवा. वहिनींना विचारून, त्यांना उभे करून, मोजून तो तीस इंचांवर धरला. एवढी वर्षे त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला तिच्या हाताच्या उंचीविषयी प्रथमच कोणी विचारले होते. प्रश्न ऐकून त्या आधी संकोचल्या, आणि मग चूल कुठे, पाण्याची घागर कुठे, उजेड कोणत्या बाजूने, हे त्यांनी असे भराभर सांगितले की, हा नकाशा त्यांच्या मनात फार दिवस तयार होता हे उघड झाले.

हा प्रश्न जगात पूर्वीही विचारला गेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची मोठी टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी १९२६ मध्ये मार्गारेटे शूट-लिहोत्स्की या तरुण ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार स्त्रीने एक स्वयंपाकघर रचले. ते जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळ्या मुदपाकखान्यावरून तिने धडा घेतला; काम करणाऱ्या बाईला किती पावले टाकावी लागतात याचा हिशेब केला, धान्यासाठी ओतता येतील असे छोटे कप्पे केले, आणि बसून भाजी चिरण्यासाठी एक फिरते स्टूलही ठेवले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या वसाहतींतून बसविण्यात आली. आज ज्याला आपण ‘मॉड्युलर किचन’ म्हणून मोठ्या किमतीला विकत घेतो, त्याचे मूळ बाईचा शीण वाचविण्याच्या या विचारात आहे. विकत घेताना कप्पे घरी येतात. विचार बहुधा दुकानातच राहतो.

माजघराचा प्रश्न उन्हाचा होता. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. दोन फुटी मातीची भिंत दिवसाचे ऊन हळूहळू पिते आणि ते आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. चारपाच इंची काँक्रीटचा उघडा स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. म्हणून माजघरावरचे धाबे ठेवले. वाळवी लागलेले दोन सरे बदलून नवी खारी घातली. स्वयंपाकघरावर स्लॅब टाकावाच लागला. त्याला वरून चुन्याचे दोन पांढरेशुभ्र हात दिले. हा उपाय गरिबाचा वाटतो, पण शास्त्राला तो मान्य आहे. २०१० च्या भीषण उष्मालाटेनंतर अहमदाबादेने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली, आणि पुढे त्याच प्रयत्नाचा भाग म्हणून तिथे वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीमही चालली. पांढरा रंग ऊन परतवतो, एवढे साधे ते गणित. पुढल्याच वर्षी, २०२० च्या टाळेबंदीत, सगळे कुटुंब भर मे महिन्यात दिवसेंदिवस घरात कोंडलेले असताना दुपारी सारेजण आपोआप माजघरात येऊन आडवे होत. कोणी कोणाला बोलावीत नसे.

भिंतींना रंग कोणता द्यावा, हा प्रश्न बाजारात रंगपट पाहून सुटत नाही. तो पाणी पाहून सोडवावा लागतो. तेल्हारा तालुक्याचा दक्षिणेकडील भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. खाऱ्या पाण्यात कालवलेले सिमेंट काही काळाने पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसू लागते. ती बुरशी नसते. भिंतीतील क्षार ओलाव्याबरोबर पृष्ठभागी येऊन साकळलेला असतो. त्यावर महागडा तेलकट रंग दिला तर ओल आत कोंडते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. चुन्याचा हात भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि पुढल्या वर्षी पुन्हा देता येतो. शिवाय खाऱ्या पाण्याने लोखंड गंजते. म्हणून स्लॅबसाठी वान प्रकल्पाचे गोडे पाणी टाकीत साठवून वापरले.

या सर्वांतून बैठकीसाठी जे उरले, ते थोडे होते. भिंतींना चुना, जुन्या देवळ्यांना नवी कड, दाराला तेल, आणि जमिनीवर एक सतरंजी. शेजारचे अकोट विणकामासाठी पूर्वीपासून माहीत असलेले गाव. सतरंजी तिथलीच होती. सजावट एवढीच. दादा काही दिवस अस्वस्थ होते. पण थोडक्यातही शोभा असू शकते, याचा दाखला आमच्या विदर्भातच आहे. सेवाग्रामची बापूकुटी मूळची मीराबेनची. माती, बांबू आणि कवेलूंची. भिंतीवर मीराबेनने मातीतच उठविलेली ताडाची झाडे, बसायला चटई, आणि जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हाताशी येईल अशी प्रत्येक वस्तू. त्या खोलीत काही कमी आहे, असे पाहणाऱ्याच्या मनात येत नाही. कारण तिथले प्रत्येक माप माणसाच्या देहावरून घेतलेले आहे.

पुढे पाहुणे आले. मुलाची आजीही सोबत होती. चहा झाल्यावर तिने हळूच न्हाणीची वाट विचारली, आणि माय तिला घेऊन आत गेली. दोघी म्हाताऱ्या बराच वेळ मागेच बोलत बसल्या. लग्न त्या घरी जुळले नाही. ते दुसरीकडे, दुसऱ्या कारणांनी, पुढच्या वर्षी जुळले. आमच्या बैठकीने ते जुळविले नाही आणि मोडलेही नाही. एवढे मात्र खरे की, जाताना ती आजी आपल्या मुलाला म्हणत होती, “आपल्या घरी बी तसा दांडा लावून घ्या.”

घर नवे करताना प्रत्येक खोलीला एकच प्रश्न विचारावा: इथे सर्वांत अधिक वेळ कोण राहते, आणि त्याला काय दुखते? न्हाणीला म्हाताऱ्याचे उत्तर येईल, स्वयंपाकघराला बाईचे, माजघराला उन्हाने शिणलेल्यांचे. बैठकीला पाहुण्याचे उत्तर येईल, आणि तेही ऐकावे. अतिथीचा मान हा आपल्या घरांचा धर्मच आहे. फक्त त्याचा क्रम शेवटचा असावा. दुबळ्याची सोय आधी झाली, की उरलेल्या पैशात घर आपोआप देखणे होऊ लागते, कारण मग त्यात लपविण्यासारखे काही उरत नाही.