सुट्टीतली हजेरी

2019 च्या एप्रिलात माझं सगळं ठरलेलं होतं. 29 तारखेला दिंडोरी मतदारसंघाचं मतदान, ती ड्यूटी उरकायची, 1 मेला मुलांचे निकाल वाटायचे आणि दुसऱ्या दिवशी लेकीकडे पुण्याला जायचं. रेल्वेची तिकिटंसुद्धा काढली होती. तेवढ्यात निरोप आला, दुष्काळी तालुक्यांतल्या शाळांनी उन्हाळ्याच्या सुट्टीतही पोषण आहार शिजवायचा आहे. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "सुट्टीत कोण येणार आहे खायला?" आज ते लिहिताना लाज वाटते, पण निघालं होतं खरं.

आदल्या वर्षी 31 ऑक्टोबरला सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचं नांदगाव होतं. आम्हाला त्याचं नवल नव्हतं. गिरणा धरण आमच्या तालुक्यात, पण पाणी जातं खाली जळगाव जिल्ह्याच्या शेतांना. आम्ही टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं. त्या वर्षी उन्हाळ कांदा म्हणावा तसा लागलाच नव्हता. ऊसतोडीवरून परतलेली माणसं आठ दिवस घरी टेकली आणि पुन्हा बाहेर पडली. कुणी वीटभट्टीवर, कुणी निफाड-पिंपळगावकडे द्राक्षबागांच्या कामाला. तिकडे एप्रिल छाटणीनंतर मजुरांना काम असतं. जाताना पोरं आजीपाशी ठेवून जायची.

शाळा आमची वस्तीवरची, चौथीपर्यंतची, दोन शिक्षकी. दोघांनी आठवडे वाटून घेतले आणि पहिला आठवडा माझ्या वाट्याला आला. तिकिटं परत केली.

स्वयंपाक करणाऱ्या बाईंना पोरं मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणायचो. त्यांचं मानधन वर्षातले दहाच महिने. "मंग या मे म्हैन्याचं काय गुर्जी?" त्यांनी विचारलं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच शाळेमागे धूर दिसला. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून त्यांनी आदल्या रात्री घरचे दोन हंडे आणून ठेवले होते. ताटं धुवायला पाणी पुरणार नाही, तेव्हा ज्याने त्याने घरून ताटली आणायची असं ठरलं.

पटावर एकेचाळीस पोरं. पहिल्या दिवशी आली नऊ. दुसऱ्या दिवशी अकरा. मी मनात म्हटलं, बघा, मी सांगत होतो. उरलेली खिचडी मावशींनी झाकून ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरं लाजतात गुर्जी."

"लाजायला काय झालं? रोज खातातच की इथं."

"शाळा असली म्हंजी शाळंत येतात. शाळंत आल्यावर खातात. आता दप्तर न्हाई, पाटी न्हाई, नुस्ती ताटली घिऊन रस्त्यानं कसं यावं? बघनारं काय म्हनंल?"

कितीतरी वर्षं झाली होती मला शिकवायला लागून. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी साडेसातला मी शाळेची घंटा वाजवली. मे महिन्याच्या शांत सकाळी ती केवढी घुमली! वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. एक म्हातारबा काठी टेकत बघायला आले की काय आग लागली की काय. मी ओट्यावर हजेरीचा कागद घेऊन बसलो आणि येईल त्याचं नाव पुकारून घेतलं. थोडा पाढ्यांचा घोष, एक गोष्ट, मग कडुनिंबाच्या सावलीत भेंड्या. साडेनऊला पंगत. त्या दिवशी सव्वीस आली. आठवडा संपता संपता छत्तीस. पोरं दप्तरं घेऊन यायची आणि दप्तरात एवढी एक ताटलीच असायची.

हे सुट्टीतलं जेवण काही आमच्या साहेबांच्या मनातून उगवलेलं नव्हतं. 1995 साली योजना सुरू झाली तेव्हा आम्ही महिन्याला तीन किलो तांदूळ पोराच्या पिशवीत मोजून द्यायचो, तेही हजेरी भरली तर. पीयूसीएल या संघटनेने 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्यात त्या वर्षीच्या 28 नोव्हेंबरला शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश झाला. मग 20 एप्रिल 2004 ला न्यायालयाने सांगितलं, दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्या. कागदावर चार शब्दांचं काम. वस्तीवर ते दोन हंडे पाण्यावर अडलेलं असतं.

आमच्या हिशेबात डोक्यामागे 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ-कडधान्य. नाव पटावर हवं. पण तिसरीतली पोरगी येते ती कडेवर दीड वर्षाचा भाऊ घेऊन. त्याला काय ओट्याखाली बसवायचं? मावशी खिचडी जरा पातळ करायच्या. मी काही विचारत नव्हतो.

एका गोष्टीत मात्र मी कडक होतो. जेवण इथंच बसून संपवायचं, घरी न्यायचं नाही. नियमच तसा, आणि त्याला कारणही आहे. नाहीतर पोराच्या पोटात किती जातं कुणाला ठाऊक. चौथीतला एक मुलगा अर्धी खिचडी खायचा आणि उरलेली गुपचूप दप्तरातल्या डब्यात भरायचा. दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर बोललो, "इथं खायला मिळतं ते पुरत नाही का? डबा काढ बाहेर." त्याने डबा काढला. रडला नाही, काही बोललाही नाही. डबा ओट्यावर ठेवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही.

मावशींनी मला सांगितलं ते भांडी घासता घासता. आईबाप पिंपळगावकडे, घरात तो आणि आजी. आजीच्या डोळ्यांना दिसत नाही, चूल पेटवता येत नाही. रात्री शेजारणी एक भाकर देतात, ती दोघं वाटून खातात.

मी सातेक वर्षांचा होतो तेव्हा 72 चा दुष्काळ पडला. माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, पिवळसर, गोडसर पीठ. संध्याकाळी आई पदराची गाठ सोडायची आणि आम्हा तिघा भावंडांच्या हातावर ती घालायची. "तू?" असं विचारलं की म्हणायची, "मी तिथंच खाल्ली." ते आम्ही खरं धरायचो. सुकडी तिला खाण्यासाठी मिळत होती. कामावर जर कुणी माझ्यासारखा मास्तर असता तर आम्ही तिघं काय खाल्लं असतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

डबा घेऊन त्याच्या घरी गेलो. आजी दारातच बसली होती. "कोन हाय?" म्हणाली. "गुरुजी," म्हटलं. तिने घाईघाईने पदर सावरला आणि नातवाला हाक मारली, "आरं, गुर्जींना पानी दे." घरात पाणी किती होतं ते मला दिसत होतं. तांब्या घेतला, एक घोट प्यालो.

पुढे पंगत बसली की मी हजेरीचा कागद घेऊन वर्गात जायचो आणि बेरीज करायचो. बेरीज करायला मला रोज दहा मिनिटं लागायची.

जूनच्या मध्यावर शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मावशी मोठं पातेलं राखेने घासत होत्या. ढग आले होते, पाऊस नव्हता.

"गुर्जी, पुढल्या उन्हाळ्यात बी व्हईल का वो हे?"

"दुष्काळ जाहीर झाला तर होईल. नाहीतर नाही."

त्यांचे हात थांबले. वर आभाळाकडे बघून म्हणाल्या, "मंग आता काय मागावं?"

मी काही बोललो नाही. त्यांनी पुन्हा राख घेतली आणि पातेल्याचा तळ घासायला लागल्या.