धूलकोटची बाज, माणिकबागचा पलंग

लुई सोन्यो या फ्रेंच फर्निचरकाराचं वेड मला इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याच्या जुन्या छायाचित्रांनी लावलं. इंदूरला निघालोच होतो, तेव्हा बऱ्हाणपूरचा इतिहासाचा प्राध्यापक मित्र म्हणाला, "पलंगच बघायचेत ना? मग आधी धूलकोटची बाज बघ."

बऱ्हाणपुरातले शाही हमाम, कुंडी भंडारा घाईतच उरकले.

धूलकोटला सातपुड्यातली बारेला, भिलाला आदिवासींची वस्ती. एका ओसरीवर एक आजोबा बाज विणत होते. चार खुरा, चार पाट्या, ताणलेली दोरी. लपवलेलं काहीच नाही. सोन्योला हेच तर हवं होतं! १८९२ चा जन्म, पॅरिसच्या 'प्रँतां' दुकानाच्या 'प्रिमाव्हेरा' कार्यशाळेत काम, मग शार्लोत आलिक्ससोबत धातू आणि काचेचं फर्निचर. सांधा दिसावा, सामान स्वतःच बोलावं, हा त्याचा ध्यास.

माणिकबागेचे धनी, इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे, १९०८ चे. ऑक्सफर्डला भेटलेल्या एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी १९३० च्या सुमारास माणिकबाग उभारून घेतली. फर्निचरकार रूलमानचं टेबल आलं, आयलीन ग्रेची खुर्ची आली; महाराजांचा आणि संयोगिताराणींचा, म्हणजे कागलच्या घाटग्यांच्या लेकीचा, पलंग मात्र सोन्यो-आलिक्सचा. पॅरिसमध्येही इतकं धाडसी घर विरळाच असेल, असं मी मित्राला म्हटलं.

"धाडस कुणाच्या पैशाचं?" मित्र उसळला. "निमाडातल्या खरगोन, भीकनगावच्या रयतेचा सारा तो."

सारा निमाडचा होता, हे मला मान्यच आहे. म्हणून तर तो पलंग निमाडच्या इतिहासाचा भाग आहे! मित्र त्याला परक्यांची चैन म्हणून हातावेगळा करतो, हे मला पटत नाही. पुढे १९३७ मध्ये राणी ऐन विशीत गेल्या. १९८० मध्ये माणिकबागेचं फर्निचर मोनॅकोत लिलावात निघालं. वाड्यात आता केंद्रीय कराचं कार्यालय आहे. सोन्यो दुसऱ्या महायुद्धानंतर वेताकडे वळला, १९७० मध्ये वारला. वेताच्या त्याच्या खुर्च्या मला पोलादी कामापेक्षाही आवडतात, आणि धूलकोटच्या आजोबांना त्या लगेच उमगल्या असत्या.

"मग शिकवू काय मी मुलांना?" मित्रानं विचारलं. हेच शिकव, म्हटलं. होळकरांच्या धड्यात त्या पलंगाचं छायाचित्र लाव, खाली सोन्यो-आलिक्सचं नाव लिही, आणि त्याच्याच शेजारी भीकनगावच्या साऱ्याचा हिशेब मांड.